गोष्टीमागची पुस्तकं

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. घरात त्याला सगळे तम्मा म्हणायचे. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. आम्ही मूळचे खानापूरकडचे. वडिलांनी रामनगरात किराणा दुकान टाकलं आणि आम्ही जोयडा तालुक्यातले झालो. वडील गेल्यावर दुकान आईनं चालवलं, मी मराठी शाळेत शिकवायला लागले, आणि तम्मा बारावी होताच गणेशगुडीला नदीवर कामाला गेला. काळी नदीत पर्यटकांना रबरी होडीतून नेतात, तिथं तो गाईड होता.

घरी तो मोजकंच बोलायचा. सुट्टीला आला की जेवायचा, दुकानात पोती उचलून द्यायचा आणि मागच्या पडवीत जाऊन पडायचा. नदीवर तो कसा असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एका हंगामात कुणी म्हातारा पर्यटक होडीत आपलं पुस्तक विसरून गेला. ते पाण्यानं फुगून दुप्पट जाड झालं होतं. तम्मानं ते पत्र्यावर वाळवलं आणि मालक परत येईल म्हणून आठवडाभर ठेवलं. कुणी आलं नाही, तेव्हा उघडून बघितलं. इंग्रजी कादंबरी होती. एका लांबलचक मालिकेतली मधलीच कुठली तरी. एक कल्पनेतलं राज्य, त्यात दम्यानं बेजार झालेला ड्रॅगन, खुर्ची अंगाला बरोबर बसली म्हणून राजा झालेला शिंपी, आणि असले पुष्कळ लोक. सगळा विनोदी मामला. तम्माचं इंग्रजी पर्यटकांशी बोलून बोलून झालेलं. फोनवर शब्द शोधत त्यानं ते पुस्तक संपवलं, आणि मग मालिकेतली बाकीची एकेक करून मागवायला लागला.

गणेशगुडीला कुरियर धड पोचायचं नाही, म्हणून पुडकी आमच्या दुकानाच्या पत्त्यावर यायची. कादंबऱ्या संपल्या तरी पुडकी थांबेनात. त्या राज्याचा नकाशा आला. तिथल्या खाण्यापिण्याचं पुस्तक आलं. तिथल्या सणवारांची दिनदर्शिका, पत्त्यांचा जोड, शिंप्याची राजमुद्रा छापलेला चहाचा मग, ड्रॅगनची बोटाएवढी बाहुली. आणि एक जाडजूड ग्रंथ, ज्यात मालिकेतली सगळी माणसं, गावं, दुकानं अकारविल्हे लावून प्रत्येकाची माहिती दिलेली. असल्या पुस्तकांना इंग्रजीत ‘कंपॅनियन’ म्हणतात, त्याचा तम्मानं आपला अर्थ केला होता. तो त्या ग्रंथाला ‘सोबती’ म्हणायचा.

नकाशाची गुंडाळी आईनंच सोडली होती. काउंटरवर पसरून ती बराच वेळ बघत होती.

“कुठल्या गावचा रं ह्यो?” तिनं विचारलं.

“न्हाईच ते गाव,” तम्मा म्हणाला.

“न्हाई म्हंजे? धरणात गेलं?”

“न्हाई गं. कधी नव्हतंच. एकानं मनानं लिहिलंय.”

आमच्या रामनगरात निम्मी वस्ती सुपा धरणात गेलेल्या गावांची. नकाशात असलेलं आणि जमिनीवर नसलेलं गाव म्हटलं की आमच्याकडं माणसाच्या मनात आधी तेच येतं. आईनं नकाशा जपून गुंडाळला आणि दोरा बांधून त्याच्या हातात दिला. त्यानंतर एखादं पुडकं आलं की ती त्याला फोन करून सांगायची, “तुझ्या गावचं टपाल आलंय.”

तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

पुढच्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. नदीत उभं राहून होतं, असं तो म्हणायचा. मग तोंडावर सूज आली, जेवण जाईना, चढ चढताना धाप लागायला लागली. बेळगावला दाखवलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. आईला साखर, तिचं मूत्रपिंड घेता येईना. माझं जुळत होतं, पण तपासणीत माझंच एक जन्मापासून लहान निघालं. देणाऱ्याची वाट बघणाऱ्यांमध्ये त्याचं नाव घातलं, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं.

नदी सुटली. बुधवारी तो एकटा बेळगावला जायचा. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवारी मी बरोबर असायची. लोंढा, खानापूर करत बस जायची आणि तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा. तिथं गेल्यावर वजन, रक्तदाब, मग खुर्ची. डाव्या हाताच्या सुयांतून रक्त यंत्रात जायचं आणि परत यायचं. तो हात चार तास हलवायचा नाही. उजव्या हातात कादंबरी धरून तो वाचायला बघायचा, पण पान उलटायला दुसरा हात हवा, आणि पुस्तक जड. थोड्या वेळात तो ते मिटून मांडीवर ठेवायचा.

“अक्का, सोबती काढ पिशवीतला,” एका शनिवारी तो म्हणाला. “तू वाच. लहान लहान नोंदी हायत, तुला जमतील.”

माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं. कादंबरी मला झेपली नसती. पण सोबतीतली नोंद अर्ध्या पानाची. मी अडखळत वाचायची आणि तो मराठीत सांगायचा. अशा रीतीनं ते राज्य मला उलट्या बाजूनं कळलं. गोष्ट न वाचताच तिथल्या पावावर काय लावतात, शिंप्याची बायको त्याला काय म्हणून हाक मारते, कुठल्या गल्लीत कुत्री चावतात, हे मला माहीत झालं.

त्याची सगळ्यात आवडती नोंद एका नावाडणीची होती. राज्याच्या मधून नदी वाहते, आणि ही म्हातारी भोक पडलेल्या होडीतून लोकांना पैलतीरी नेते. पैसे घेत नाही. भाडं म्हणून प्रत्येकानं तिला एक लोणकढी थाप मारायची. पूर्वी कुणी मारलेली नको, नवी हवी. सोबतीत तिच्याबद्दल पान-दीडपान मजकूर होता. त्यात लिहिलं होतं की तिला पोहता येत नाही.

“हे कुठल्याच कादंबरीत न्हाई बग,” तम्मा मला म्हणाला. “फक्त हितं हाय. गोष्टीत ती कामापुरती येती. कुणाला तरी पलीकडं सोडायचं असतंय, सोडती आणि जाती. हितं ती राहती.”

शेजारच्या खुर्चीवर चिकोडीकडच्या एक काकू असायच्या. पहिले काही शनिवार त्या डोळे मिटून पडून राहिल्या. एकदा मी वाचायची थांबले तर डोळे न उघडताच म्हणाल्या, “मग पुढं काय झालं त्या म्हातारीचं?”

“हे गोष्टीचं पुस्तक न्हाई काकू,” तम्मानं सांगितलं, “गोष्टीच्या मागचं हाय.”

“मग तू पुढची सांग की.”

आणि त्यानं सांगितली. माझा अबोल भाऊ त्या खुर्चीत पडल्या पडल्या तासभर बोलला. ड्रॅगनचा खोकला काढला, शिंप्याचा आवाज काढला. काकूंच्या पोटात हसून कळ आली आणि नर्सनं येऊन दटावलं, कारण यंत्र वाजायला लागलं होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. नदीवर तो असाच असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खाण्याचं पुस्तक तो घरी वाचायचा. मीठ बंद, नारळपाणी बंद, केळं बंद, पाणीसुद्धा मापानं. ज्याला काहीच खाता येत नाही तो माणूस पाककृती वाचत बसतो, हे मला बघवत नसे. आई मात्र त्याच्याजवळ बसून विचारायची, “ह्यात काय घालत्यात?” एकदा नावाडणीच्या न्याहारीचं पान निघालं. तीन दिवस टिकणारी जाड रोटी होती ती, काठाला जळलेली, कारण म्हातारीचं लक्ष नदीकडं असतं. आईनं तांदळाच्या पिठाची बिनमिठाची जाड भाकरी थापली आणि मुद्दाम काठ करपवले.

तम्मानं एक तुकडा मोडून खाल्ला. “असलीच असणार,” तो म्हणाला. आई चुलीकडं तोंड करून दुसरी थापत राहिली.

मालिकेतल्या सगळ्यांच्या बाहुल्या बाजारात मिळायच्या, तशी पूर्वी नावाडणीचीही मिळायची. पण ती करणं कंपनीनं बंद केलं होतं. तम्मानं फोनवर खूप शोधली. कुणाजवळ असली तर तो सोडायला तयार नसे. एका बुधवारी तो बेळगावला गेलेला असताना मी सोबतीतल्या तिच्या चित्राचा फोटो काढला, आणि शाळेला सुट्टी लागल्यावर खानापूरला गेले. तिथं एक कुंभारीण मावशी पणत्या, कुंड्या आणि गौरीचे मुखवटे करायच्या. मी त्यांना फोनवरचं चित्र दाखवलं.

“देवी हाय का बाई ही?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, नावाडीण हाय.”

“डोक्यावर काय घातलंय हे? नरसाळं?”

चित्रात तिनं उंच टोकदार टोपी आणि पायघोळ कोट घातला होता. तो कुठला पोशाख, हे मलाही सांगता येईना. मी सांगितलं की पावसात होडी चालवते, भाड्याबद्दल थापा ऐकते, आणि पोहता येत नाही. माझ्या भावाला हवी आहे, तो आजारी आहे, हेही सांगितलं. मावशींनी परत एकदा चित्र बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. “कळलं. पंधरवड्यानं या,” म्हणाल्या.

आणायला गेले तेव्हा भट्टीतून काढलेली लाल मातीची वीतभर बाई माझ्यासमोर ठेवली. कासोटा घातलेला. टोपीच्या जागी इरलं, आमच्याकडं भातलावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात तसं. दोन्ही हातांत वल्हं. मान जराशी वाकडी, समोरचा सांगतोय त्यावर विश्वास न बसल्यासारखी. चित्राशी काही म्हणता काही जुळत नव्हतं. मी काळजीतच घरी आणली.

तम्मानं कागद सोडला आणि तिला फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाला, “इरलं घातलंय हिला.”

“त्यांना टोपी कळली न्हाई रे. मी परत सांगते करायला.”

“कशाला? हीच हाय ती.” त्यानं तिला खिडकीत ठेवलं, परत उचललं, तळव्यावर धरून वजन बघितलं. डोळे भरून आले होते त्याचे, तरी हसत होता. “अक्का, ही आपल्या अणशीकडची वाटती बग. आता ओरडंल बग माझ्यावर.”

ती मालिका वाचणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. त्यात तो आहे एवढं मला माहीत होतं. त्यानं बाहुलीचा फोटो तिथं टाकला आणि फोन दिवसभर वाजत राहिला. सगळ्यांना ती हवी होती, म्हणतील ती किंमत द्यायला तयार होते. मला वाटलं, औषधपाण्याला बरं होईल. तम्मा तयार होईना.

“ती बाई माझी न्हाई, ज्यानं लिहिली त्याची हाय. इचारल्याबिगर इकायची न्हाई.”

त्यानं प्रकाशकांना इंग्रजीत विचारलं. इंग्रजी तपासून द्यायला मीच होते. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं, आणि चांगल्या शब्दांत आलं. विक्रीचे हक्क दुसऱ्यांना दिलेले असल्यामुळं विकता येणार नाही. मित्रांना भेट म्हणून द्यायला आमची हरकत नाही.

“झालं तर मग,” तम्मा म्हणाला. “इकायची न्हाई. द्यायची.”

मावशींना आम्ही त्यांच्या कामाचे पैसे दिले. त्यांनी अजून डझनभर केल्या, आणि त्यातल्या कुठल्याच दोन सारख्या नव्हत्या. एक रागावलेली, एक झोपेला आलेली. तम्मा गवताच्या पेंढीत एकेक गुंडाळून खोक्यात भरायचा. कुणाला कुठली जाणार हे तो विचार करून ठरवायचा, तासतास. त्या दिवसांत त्याचा चेहरा उजळला होता. काम करणाऱ्या माणसाचा दिसतो तसा. आई खोक्यांना दोरी बांधायची आणि मी पत्ते लिहायची. पुणे, बेंगळूरु, कोचीन, कुठलं कुठलं गाव. शेवटचं खोकं गेलं त्या संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, “आता थकलो.”

श्रावणात एका बुधवारी बेळगावला डायलिसिस चालू असतानाच त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी, नर्सनी सगळे प्रयत्न केले. मी वर्गात होते. निरोप आल्यावर मी आणि आई मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा चिकोडीच्या काकू त्याच्याजवळ बसलेल्या होत्या. त्यांचा वार नव्हता तो, दुसऱ्या कशासाठी तरी दवाखान्यात आल्या होत्या म्हणे, आणि कळल्यावर घरी गेल्या नाहीत. त्यांनी आईचा हात धरला.

दिवसकार्य झाल्यावर पाहुण्यांनी त्याचं कपाट उघडलं. बाहुल्या, पत्ते, चहाचा मग, पुस्तकं. एक चुलते म्हणाले, “पोरखेळ हाय सगळा. रद्दीत तरी घाला, न्हाईतर कुठल्या पोराला द्या.” आईनं कपाट लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि त्यांना जेवायला बसवलं. नंतर वर्षभर तिनं ते कपाट मला उघडू दिलं नाही. मी विचारलंही नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर मला एक फोन आला. गटातले दोघे जण भेटायला येऊ इच्छित होते. आले ते लोंढ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढं बसनं. एक बेंगळूरुचे निवृत्त गृहस्थ, आईशी कानडीत बोलणारे. दुसरी पुण्याची मुलगी, पंचविशीची असेल. आईनं त्यांना पाणी दिलं, जेवायला घातलं. मग कनवटीची किल्ली काढून माझ्याकडं दिली. “दाव त्यास्नी,” म्हणाली.

दोघांनी एकेक वस्तू हातात घेतली आणि होती तशी परत ठेवली. गृहस्थांनी सोबती उघडला. समासात तम्मानं पेन्सिलीनं मराठीत शब्दांचे अर्थ लिहिलेले होते. ते त्यांना वाचता येत नव्हते, तरी ते पानं उलटत राहिले. आईनं विचारलं, “न्यायचं हाय का तुमास्नी काय?” त्यांनी हात जोडले. “बेडा अम्मा,” म्हणाले. नको.

मुलगी मघापासून काही तरी मनात धरून बसली होती. शेवटी म्हणाली, “मावशी, मी गटात नवीन होते तेव्हा माझे वडील गेले होते. मला वाचायला सुचत नव्हतं. मी सहज विचारलं, कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू? दादानं लिहून उत्तर दिलं नाही. बोलून पाठवलं. मग रोज पाठवत राहिला. मी सगळं ठेवलंय. तुम्हाला चालेल का?”

आईला नीट कळलं नाही. मी सांगितलं, “त्याचा आवाज हाय तिच्याकडं.”

आईनं मान हलवली. मुलीनं फोन जमिनीवर ठेवला आणि बोट लावलं.

“हे बग,” तम्मा म्हणाला. एवढंच ऐकून मी फोनजवळ सरकले. “एकदम पहिल्यापासून सुरू करायचं न्हाई. माझ्यासारखं मधनंच कर. होडीत बसल्यावर कोण इचारतंय व्हय, नदी कुठनं आली? आणि सोबती आत्ता उघडू नको. त्यात कोण मरतंय ते सगळं लिवलंय. पैला जीव लावून घे, मग बग.” तो हसला. मागं भांड्यांचा आवाज आला आणि लांबून कुणी तरी ओरडलं, “तम्मा, जेवायला येतोस का न्हाई?” तो म्हणाला, “आलो गं,” आणि आवाज थांबला.

ओरडणारी आईच होती. तिनं आपला आवाज ओळखला. फोनकडं बघत ती हळूच म्हणाली, “परत लाव.”

मुलीनं परत लावलं. मग अजून एकदा. तिसऱ्या वेळी आई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती, आणि “आलो गं” झाल्यावर तिनं डोळे पुसले. “लई बोलायचा म्हंजे तुमच्यात,” ती मुलीला म्हणाली.

“खूप. आम्ही वाट बघायचो.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “मला वाटायचं, पोरगं मनातल्या मनातच ऱ्हायलं.”

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना गणेशगुडीला घेऊन गेले. धरणाचं पाणी सोडलेलं होतं आणि होड्या चालू होत्या. तम्माबरोबर काम केलेली मुलं भेटली, त्यांनी त्या दोघांना पैसे न घेता नदीतून नेऊन आणलं. मी काठावरच बसले. आई आली नाही. दुकान बंद ठेवायचं नाही म्हणाली.

त्यांना लोंढ्याला सोडून घरी आले तेव्हा कपाटाचं दार उघडंच होतं. आईनं सगळ्या वस्तू खाली काढून फळ्या पुसल्या होत्या आणि सोबती मांडीवर घेऊन ती चित्रं बघत बसली होती.

“ह्या जनावराला काय झालंय गं?” तिनं एका चित्रावर बोट ठेवून विचारलं. “खोकतोय का काय?”

मी तिच्याजवळ बसले आणि नोंद वाचायला लागले.